रीतीचा अर्धा गुण

रेडिओवर नी लांते विचारतो,
"महागाई आणि वीज, दोन्ही धरून
राष्ट्राध्यक्षांना दहापैकी किती?"
फोन कानाला लावून मी ताटकळते,
आणि अकरा तास मुक्या फ्रीजरवर
आणखी एक घोंगडी पांघरते.

विजेच्या या येण्याजाण्याला
आशायमानमध्ये नाव आहे: डुमसोर. विझव-पेटव.
नाव पडलं की सवय होते.
दारातल्या कुत्र्याला नाव दिलं
की मग हाकलवत नाही.

माझ्या आधी क्वाबेना, टॅक्सीवाला. शून्य.
"टाकी भरायची तर ताट रिकामं,
ताट भरायचं तर टाकी."
मग एक पेन्शनवाल्या बाई. आठ.
त्यांच्याकडे दिवे जातच नाहीत म्हणे.
(गल्लीत कोण साहेब राहतो ते त्या बोलल्या नाहीत,
मागे त्यांचा पंखा तेवढा बोलत होता.)
मग एक अभ्यासू मुलगा:
युद्ध दुसऱ्यांचं, तेल दुसऱ्यांचं,
डॉलर तर दुसऱ्यांचाच,
एकटा माणूस काय करणार?
मला पटलं.
आणि पटल्याचा राग आला.

माझे वडील, आग्बेन्येगा मास्तर,
गणितात कुणाला भोपळा देत नसत.
उत्तर चुकलं, पण रीत बरोबर, तर अर्धा गुण.
उत्तर बरोबर आणि रीतच नाही,
तर वही परत.
"कुणाचं बघून लिहिलंस?"

परवा साहेब टीव्हीवर म्हणाले, महागाई उतरली.
(मी शेजारणीच्या दारातून ऐकलं, तिच्याकडे जनरेटर आहे.)
उतरली म्हणजे जिना चढायचा वेग उतरला.
आम्ही अजून वरच आहोत, बाबा,
चढतोच आहोत,
फक्त धाप जरा सावकाश लागते.
विजेचं म्हणाले, थकबाकी होती, फेडली.
कुणाची, किती, कुठल्या खिशातून?
फळ्यावर नुसतं उत्तर,
आणि डस्टर त्यांच्याच हातात.

"जिफाताई, आशायमानहून! बोला, दहापैकी?"
मी म्हटलं, आधी त्यांना रीत दाखवायला सांगा.
"आकडा, ताई, आकडा!"
अर्धा, मी म्हटलं. उरलेले साडेनऊ
वही आली की बघू.
तो हसला. जाहिरात लागली.
जनरेटरची.

दुपारी दिवे आले. फ्रीजर गुरगुरले.
तळाचे बांगडे मऊ पडले होते,
डोळ्यांवर साय धरल्यासारखे.
मी झाकण लावलं. पुन्हा गोठू दे.
गेल्या महिन्यात असलेच मावुसीला विकले,
शाळेच्या स्वयंपाकाला, पूर्ण भावाने,
वर म्हटलं, "दिवस कठीण आहेत, जरा सोसा."
हे वाक्य कुठून आलं माझ्या तोंडात?

आज ती आली. भाव ऐकून
नुसती उभी राहिली, पिशवीची घडी न मोडता.
मग मी खोक्याचं झाकण फाडलं,
उलटं केलं, पेन्सिलीने मांडलं:
खोक्याची खरेदी.
बंदरापासूनचं भाडं.
मीटरमध्ये भरलेले पैसे.
शेजारणीच्या जनरेटरचे दोन तास.
माझे.

मावुसी एकेका ओळीवर बोट ठेवत गेली,
हातचा धरत, ओठ हलवत.
बेरीज जुळली.
बोट मात्र उचललं नाही.
ओट्यावरून पाणी ठिबकत होतं.

"आणि वितळलेल्याचं नुकसान?" ती म्हणाली,
"ते कुणाच्या ओळीत?"

पेन्सिलीचं टोक चांगलं होतं.
तरी मी तेच बघत राहिले.